हयातीचा दाखला

महाबळेश्वराच्या डोक्यावर दुसरं महाबळेश्वर ठेवलं तर जेवढी उंची होईल, तेवढ्या उंचीवर, कोलोरॅडोच्या डोंगरात आमचं गाव आहे. मुख्य रस्ता एकच. ११ नोव्हेंबरला त्यावरून माजी सैनिकांची परेड निघते. १९१८ साली याच तारखेला पहिलं महायुद्ध थांबलं. मध्यंतरी, १९७१ पासून, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळावी म्हणून माजी सैनिकांचा हा दिवस ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ढकलला होता. लोक कुरकुरले, तेव्हा १९७८ मध्ये तो परत जागेवर आला. सुट्ट्या जोडण्याची कला फक्त आपलीच, हा माझा अभिमान त्या दिवशी गळाला.

यंदा साताऱ्याहून आप्पा आले होते. आप्पा म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे निवृत्त सुभेदार. पण त्यांच्या डोक्यात परेड नव्हती, हयातीचा दाखला होता. नोव्हेंबर हा पेन्शनरानं आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून देण्याचा महिना. हल्ली मोबाइलसमोर चेहरा धरला की काम होतं. आमच्या मोबाइलला मात्र आप्पा चार दिवस जिवंत वाटत नव्हते.

"आप्पा, पापणी लववा."

"सावधानमध्ये पापणी हालत न्हाय."

शेवटी मोबाइल खिशात घातला आणि त्यांना परेडला नेलं. पुढे आगीचा बंब, मागे शाळेचा बँड. थंडीनं निम्मी वाद्यं गोठलेली, त्यामुळे ढोलावरच भागवणं चाललं होतं. मग जुन्या टोप्या घातलेले आजोबा, आणि एका जीपमध्ये जुन्या लाकडी स्की धरून बसलेले गृहस्थ. इथून जवळच कॅम्प हेल आहे. १९४२ साली उभारलेल्या त्या छावणीत दहाव्या माउंटन डिव्हिजनची पोरं बर्फावर घसरायला आणि लढायला शिकली, आणि पुढे इटलीत गेली. स्की त्यातल्याच एकाच्या, गृहस्थांच्या वडिलांच्या.

सहा मिनिटांत परेड संपली, कारण रस्ता संपला.

"ह्येला परेड म्हंत्यात व्हय?" आप्पा म्हणाले. "एकाचा डावा पाय, एकाचा उजवा, आन् त्यो कडंचा तर नुस्ताच हात हलीवतोय. पुण्याच्या मिरवणुकीत एवढ्या वेळात ढोल कमरंला बांधून होत न्हाय."

तेवढ्यात परेड वळून त्याच रस्त्यानं परत आली. झेंडा समोर येताच माकडटोपीतले आप्पा सावधानमध्ये ताठ झाले. आजूबाजूला लोक डोनट खात होते. संयोजक बाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. त्यांनी विचारलं, "व्हेटरन?"

"येस. इन्फन्ट्री."

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सेवेबद्दल आभार मानून रांगेत चालायला सांगितलं.

आप्पा माझ्याकडे वळले. "कागद काय काय लागत्याल, इचार."

"काही नाही, आप्पा."

"पेन्शनचा नंबर?"

"नाही."

"आधार?"

आप्पांचा विश्वास बसेना, पण पाय निघाले. दहा पावलांत "एक-दो-एक" सुरू झालं. विसाव्या पावलाला अमेरिकेचं सैन्य आप्पांच्या ठेक्यावर चालत होतं. जीपजवळ पोचल्यावर आप्पांना कळलं की स्कीवाल्याचे वडील इटलीत लढले. मग काय! आप्पांचे थोरले चुलतेही तिथेच, मराठा पलटणीत. मग त्या पलटणीच्या शूराचं नावही आलंच. "नामदेव जाधव! सेनिओ रिव्हर! नाइन्थ एप्रिल, फॉर्टीफाइव्ह! व्हिक्टोरिया क्रॉस!" गृहस्थ दर शब्दाला मान हलवत होते. समजून की घाबरून, कोण जाणे. रस्ता तिसऱ्यांदा संपला तरी दोघं थांबायला तयार नव्हते.

पुढच्या आठवड्यात गावच्या छोट्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आप्पा!

"तारीख हाय, फोटू हाय," आप्पा खूश होऊन म्हणाले. "ह्येच धाड सरकारला. आनि काय पायजे?"

मी चष्मा लावून पाहिलं. मान ताठ, छाती पुढे, हात बरोबर खांद्याच्या उंचीला. आणि डोळे घट्ट मिटलेले.