एकट्याचं भजनी मंडळ

आमच्या वडगाव निंबाळकरात पखवाजवाला मोकळा असला, की पेटीवाल्याच्या उसाला तोड आलेली असते. दोघंही मोकळे असले, तर टाळकऱ्यांची पाण्याची पाळी असते. आणि सगळे जमले, की बुवांचा घसा बसतो. म्हणून मी मल्टिट्रॅक रेकॉर्डर घेतला. पेटी मीच, टाळ मीच, मागे म्हणणारेही मीच. रुसायला कुणी उरलंच नाही!

ही कल्पना जुनीच. अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवाल्यानं 1948 साली आलेल्या 'लव्हर' या गाण्यातले आठही गिटार एकट्यानं वाजवले, तेही तबकड्यांवर. आधीची तबकडी लावायची, तिच्यासोबत वाजवायचं आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचं. एकदा मिसळलं की वेगळं करायची सोय नाही. 1979 साली टीॲकचा पोर्टास्टुडिओ आला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येऊ लागले. जागा कमी पडली, तर तीन ट्रॅक चौथ्यावर ढकलायचे आणि ते तीन पुन्हा वापरायला घ्यायचे. माझ्या यंत्रात ट्रॅक आठ. मंडळाला पुरे!

पहिलं भांडण लयीवरून झालं. भजन संथ सुरू होतं आणि चढत जातं; यंत्राची टिकटिक मात्र पहिल्या ओळीपासून गजरापर्यंत जागची हलत नाही. ती बंद करून पेटी भरली, तर टाळ धरताना हेडफोनमधला पेटीवाला सुसाट सुटलेला. "अरे, दमानं!" मी ओरडलो. तेही टाळाच्या ट्रॅकवर व्यवस्थित भरलं गेलं.

दुसरी अडचण गळीत हंगामाची. सोमेश्वर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघालेल्या, आणि गाणी न लावता ट्रॅक्टर हाकायचा म्हणजे ड्रायव्हरला पाप लागतं. एका ट्रॅकमागून गेलेला ट्रॅक्टर कुणाला खटकत नाही. पण आठ ट्रॅक एकदम लावले, की ट्रॅक्टरही आठ. अभंग राहिला बाजूला, वजनकाट्यावरची रांगच घरात शिरली.

दारं-खिडक्या लावून, गोधड्या टांगून एकदाचं पुरं केलं आणि बुवांना ऐकवलं. बुवा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "सूर बरोबर हाय. पण समदे एकाच जागी दम घेत्यात. ही तर कवायत झाली. मंडळ म्हणलं की एक जण उशिरा उचलणार, एक नाकात म्हणणार, एक लांब खांबाला टेकून बसणार."

बरोबरच होतं. एकाच गळ्याचे चार थर दिले, की चार माणसं होत नाहीत, एकच माणूस जाड होतो. मग एक आवाज माइकपासून लांब, पार मोरीच्या दारात उभं राहून भरला. एक नाक दाबून. आणि एक मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा, सुरापासून जरा घसरलेला.

सौभाग्यवतींनी शेवटपर्यंत ऐकलं. "छान जमलंय हो," त्या म्हणाल्या. "कुणाकुणाला बोलावलं होतं? तुमचा तेवढा ओळखू आला. तो मागून बेसूर म्हणतोय, तो."