गोठ्यातले चाळीस घोडे

आमच्या पट्ट्यात गाडी कोणीच बनवत नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, चार वर्षांनी टेल्को पिंपरीत आली, आकुर्डीला बजाज, चिंचवडला बेअरिंगवाली एसकेएफ असं करत करत ज्वारीची शेतं शेडखाली गेली आणि २००९मध्ये तर मर्सिडीज आणि फोक्सवॅगन एकाच वर्षी चाकणला नांदायला आल्या. तरीही माझं म्हणणं कायम आहे. देहूत कुठल्याही पारावर बसा आणि शेजारच्याला विचारून पाहा. तो व्हॉल्व्ह घासतो, नाहीतर बुश मोजतो, नाहीतर उभा जन्म गॅस्केट कापून आता निवृत्त झालेला असतो. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, एक गोल तुकडा मापात येईपर्यंत घासायचा, तो ट्रेमध्ये ठेवायचा आणि दुसरा उचलायचा. तो पुढे कुठल्या गाडीच्या पोटात जाऊन फिरतो, कोणाला लग्नाला नेतो, कोणाला दवाखान्यात पोचवतो, काही कळायला मार्ग नाही. लेक सासरी दिली तरी निदान दिवाळीला माहेरी येते. बेअरिंग गेलं ते गेलंच.

माझा थोरला भाऊ, दादा, असाच भोसरीच्या एका टूलरूममध्ये हयात घालवून घरी बसला. बसला म्हणजे गोठ्यात बसला, कारण आमची गाडी गोठ्यात असते. अण्णांच्या काळी तिथे बैलजोडी होती. दर ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघायच्या सुमारास रथाला कोणाचे बैल जुंपायचे याची गावात चर्चा चाले, आणि अण्णा आपल्या जोडीच्या पाठीवरून असा हात फिरवत की जणू यंदा निरोप येणारच. निरोप आला नाही, पुढे बैलही गेले, आणि रिकाम्या दावणीसमोर अण्णांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी पद्मिनी आणून उभी केली. मॉडेल १९७५चं. कागदोपत्री चाळीस अश्वशक्ती. दोन बैलांच्या जागेत चाळीस घोडे मावले याचं अण्णांना फार नवल वाटे. गव्हाण अजून आहे. दादा तिच्यात पाने ठेवतो.

पद्मिनीचं कुळ तसं थोर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही इथल्या भूमीवर तयार व्हायला हवी होती. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला, आधी अमेरिकन गाड्या जोडल्या आणि मग इटलीच्या फियाटचा हात धरला. पद्मिनीच्या आधीच्या गोलमटोल फियाटला आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव ठेवलं, आणि त्या नावात इतकी माया आहे की ती गाडी बाळगणारे आजही ते अभिमानाने सांगतात. इंजिनाचा घाट तर त्याहून जुना, इटलीत १९३७ साली घडलेला: चार सिलिंडर, अडुसष्ट मिलिमीटरचा बोअर, पंचाहत्तरचा स्ट्रोक, एक हजार एकोणनव्वद सीसी. दुसरं महायुद्ध होऊन गेलं, देश स्वतंत्र झाला, लायसन्स राज आलं आणि गेलं. हे चार पिस्टन आपले त्याच मापाच्या भोकांतून खालीवर करत शतक संपेपर्यंत आले.

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून दादा हरखून होता. २०२१ साली सरकारने नियम केला आहे: पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पाटीवर ‘व्हीए’ अशी खास अक्षरं मिळतात. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि नेमक्या पन्नासाव्या वर्षी इंजिनाने तेल प्यायला सुरुवात केली. मागून निळा धूर असा निघे की गल्लीतली मुलं त्यात लपाछपी खेळत. बोअर आधीच शेवटच्या मापापर्यंत वाढवून झालेला, आता ब्लॉकलाही तडा. दादाने एक संध्याकाळ गव्हाणीच्या कठड्यावर बसून काढली. पन्नास वर्षं जपलेला मान एका बाजूला आणि चालती गाडी दुसऱ्या बाजूला. मग वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, पाटी बघून का मी भंडाऱ्याच्या डोंगरावर जाणारे?” तो प्रश्न तिथे मिटला.

इंजिन उतरवणं हे काम पुस्तकात दीड पानाचं आहे. बॅटरी सोडा, तेल-पाणी काढा, बॉनेट उतरवा, रेडिएटर काढा, कार्बोरेटर, डायनामो, स्टार्टर, सायलेन्सरचा पाइप, मग गिअरबॉक्सकडचे बोल्ट, सगळ्यात शेवटी माउंटिंग. प्रत्यक्षात प्रत्येक बोल्टाला स्वतःचा स्वभाव असतो. काही नुसत्या पान्याच्या स्पर्शाने सुटतात. काहींना रात्रभर डिझेल पाजावं लागतं, आणि सकाळी ते सुटले तर सुटले. सुटलेला प्रत्येक बोल्ट कुठला, हे लक्षात राहावं म्हणून दादाने वहिनीचा जुना मिसळणाचा डबा मागून घेतला. मोहरीच्या वाटीत कार्बोरेटरचे स्क्रू, हळदीच्या वाटीत डायनामोचे, जिऱ्याच्या वाटीत कशाचे ते न कळलेले. हळद लागलेले ते पिवळे बोल्ट मला फार सुंदर दिसले, लग्नघरातून आल्यासारखे.

गोठ्याला तुळई म्हणून जुन्या रुळाचा तुकडा आहे. त्याला चेन कुप्पी टांगली, इंजिनाला साखळी गुंडाळली आणि दादा हाताने साखळी ओढू लागला. कुप्पीचा गुण असा की ती घाई जाणत नाही. हातभर साखळी ओढावी तेव्हा इंजिन नखभर वर येतं. मी मात्र इंजिनाकडे न बघता गाडीकडे बघत होतो. वजन जसजसं साखळीवर गेलं, तशा पुढच्या स्प्रिंगा उलगडत गेल्या आणि गाडीचं नाक हळूहळू वर उठलं, चांगलं वीतभर. इतकी वर्षं ती जरा खाली मान घालून उभी होती हे तेव्हा कळलं. हृदय काढून घेतल्यावर एवढं प्रसन्न दिसणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

मग माणसं यायला लागली. इंजिन उघडं टायरवर ठेवलंय ही बातमी देहूत कीर्तनापेक्षा वेगाने पसरली. येणारा प्रत्येक जण नमस्कार-चमत्कार करून थेट आपल्या अवयवाकडे जाई. बेअरिंगच्या कंपनीतून निवृत्त झालेले मामा क्रँकपाशी वाकले, अंगठ्याने शेल चाचपला, म्हणाले, “हे अजून चाललं असतं.” गॅस्केटवाल्यांनी हेडखालचं जळकं पॅकिंग उजेडात धरलं आणि दोन सिलिंडरच्या मधली फुटलेली कड बघून वैद्याने नाडी सोडावी तसं ते खाली ठेवलं. पिस्टन रिंगा घासलेला एक तरुण होता, तळवड्याच्या एका कारखान्यातला. त्याने आपल्या हाताखालून किती रिंगा गेल्या असतील याचा हिशेब सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. रिंग सिलिंडरमध्ये बसलेली, काम केलेली, झिजलेली तो पहिल्यांदाच बघत होता. “एवढीच जागा असते व्हय तिला?” तो म्हणाला. शेजारच्याच्या तुकड्यात मात्र कोणालाही रस नव्हता. बेअरिंगवाल्यांनी व्हॉल्व्हकडे ढुंकून पाहिलं नाही, व्हॉल्व्हवाल्यांना क्रँक म्हणजे अडगळ. चार माणसं एकाच इंजिनाभोवती चार वेगवेगळी इंजिनं बघत उभी होती, आणि सगळ्यांचा चहा वहिनी करत होती.

याच गर्दीत एक वायसर गिअरबॉक्सच्या तोंडातून आत पडला. टिण्ण असा आवाज झाला आणि सगळे गप्प. ज्या गावात इंद्रायणीत बुडवलेल्या गाथा तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या असं पिढ्यानपिढ्या सांगतात, त्या गावात एक साधा वायसर वर येईना. शेवटी मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं चुंबक दोऱ्याला बांधून आणलं. वायसर निघाला, त्याच्यासोबत, कधी कोणी पाडला होता देव जाणे, आणखी एक निघाला. दादाने तो दुसरा वायसर पुसून खिशात ठेवला. आमच्या घरात त्याच्या आधी या गाडीत हात घालणारे एकटे अण्णाच होते.

नवं इंजिन, म्हणजे दुसरं जुनं इंजिन, कुर्ल्याच्या भंगारातून आलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदवलेली. वीस वर्षांची मर्यादा संपली तशी २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हे इंजिन तशाच एका टॅक्सीतलं, असं विकणाऱ्याचं म्हणणं. कुर्ल्याला जन्मलं, मुंबईभर फिरलं, कुर्ल्यालाच भंगारात पडलं आणि आता उतारवयात देहूला आलं. मुंबईच्या माणसाने निवृत्तीनंतर आयुष्यात याहून काय वेगळं मागितलंय? दादाने ते खोललं, व्हॉल्व्ह घासून घेतले, रिंगा बदलल्या. रिंगा त्या तळवड्याच्या पोराने स्वतःच्या हाताने बसवल्या, आणि तेवढा वेळ कोणालाही जवळ फिरकू दिलं नाही.

इंजिन बसवताना गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या खाचांत शिरावा लागतो. तो जोर लावून शिरत नाही. थोडं हलवायचं, पुली पान्याने किंचित फिरवायची, थांबायचं, पुन्हा हलवायचं. आणि मग अचानक सगळं आत सरकतं, जणू कधी अडलंच नव्हतं. गाडीचं नाक पुन्हा खाली आलं, जुन्या सवयीप्रमाणे.

सुरू झालं ते दुसऱ्या की तिसऱ्या सेल्फला, पण चाल लंगडी होती. भजनात मृदंग वाजवणारे एक माउली दारात उभे होते. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “तिसरी मात्रा खाली पडतीय.” दादाचा चेहरा उजळला. या इंजिनात ठिणगी एक-तीन-चार-दोन अशी फिरते. तिसरी मात्रा म्हणजे चौथा सिलिंडर. त्याने तिकडे हात घातला, आणि मग थांबून विचारलं, “पण माउली, सम कुठली धरलीत?” माउलींनी पुन्हा डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. “सम त्यालाच ठाऊक,” ते म्हणाले. मग एकेका प्लगची वायर पकडीने उचलून पाहिली. दुसऱ्याची उचलली तेव्हा आवाजात काहीच फरक पडला नाही. तोच मुका होता. प्लग बदलला आणि ठेका जमला. माउली मान डोलावत होते. आपलं निदान चुकलं असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही, आणि का वाटावं, एक मात्रा पडत होती हे तर खरंच होतं.

पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत आता अर्ज द्यायचाय. चेसिस नंबर तोच, इंजिन नंबर वेगळा. देह तोच ठेवून आत दुसरा जीव घालण्याला आपल्या पुराणांत परकायाप्रवेश म्हणतात आणि त्यासाठी मोठं तप लागतं. इथे फॉर्म भरून फी भरली की झालं. ‘व्हीए’ची पाटी मात्र गेली.

जुन्या इंजिनाचं काय करायचं हा प्रश्न उरला. भंगारवाला आला, काट्यावर चढवायला निघाला, तेवढ्यात बेअरिंगवाले मामा म्हणाले, “थांब जरा,” आणि शेल काढून घेऊन गेले. मग गॅस्केटवाले जळकं पॅकिंग घेऊन गेले. ते घरात कुठे ठेवणार, हे त्यांच्या घरच्यांनी वहिनीला नंतर विचारलंच. व्हॉल्व्ह गेले, चार रिंगा गेल्या, एकाने तर नुसते हेडचे बोल्ट नेले, कारण त्याचा आयुष्यभराचा धंदा बोल्टांचा. ब्लॉक तेवढा राहिला, तडा गेलेला, चार भोकांनी वर बघत. भंगारवाला किलोचा भाव सांगत होता आणि दादाला ते ऐकूच येत नव्हतं.

“अरे,” तो मला म्हणाला, “ओतकामातलं कोणी आहे का बघ ना तुझ्या ओळखीत. कोल्हापूरकडचं असलं तरी चालेल. फोन करून विचार, पाहिजे का म्हणून.”