चिमीचं लायसन

स्विंडन, रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,



तुमची चिमी ताडदेव आरटीओचं लर्निंग लायसन काढतेय हे कळल्यावर इथे आनंदीआनंद झाला. पण दादा, तुझा पुढचा प्रश्न ऐकून हे मोठ्यांदा हसले. तू विचारलं होतंस, "त्या पाट्या आणि चिन्हं खरंच पाठ करायची का? क्लासवाला म्हणतो, लालबागात पाटी बघायची नाही, समोरच्याचं चाक बघायचं." क्लासवाल्याचं निम्मं खरं आहे, आणि तेच निम्मं घेऊन तुमच्या घरचे जावई, म्हणजे हे, इथे परीक्षेला बसले होते.

मुंबईचं लायसन इथे इंग्लंडमध्ये बारा महिने चालतं. त्यानंतर सगळं पहिलीपासून. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, त्यांतले ४३ बरोबर यायला हवेत. हे झालं की पडद्यावर १४ फिल्मा दाखवतात. समोर रस्ता असतो, कुठे धोका उभा राहतोय असं दिसलं की माउस दाबायचा. आता ह्यांचं अर्धं आयुष्य चिंचपोकळी ते दादर टीटी गाडी हाकण्यात गेलेलं! उभ्या व्हॅनच्या आडून कोणीतरी येणार, दाबा. फुटपाथवर आजी उभी आहे, ती आता उतरणार, दाबा. कुत्र्याला दोरी आहे खरी, पण कुत्र्याचं काय सांगावं, दाबा. एकसारखं बटण दाबणाऱ्याला त्या फिल्मेचे गुण मिळत नाहीत, असा नियम आहे. कॉम्प्युटरने सरळ शून्य दिलं. "धोका एकसारखा असतो त्याला मी काय करू?" हे बाहेर येऊन माझ्यावरच ओरडले. पुढच्या खेपेला माउसचा हात मधूनमधून मांडीखाली दाबून ठेवत होते, तेव्हा कुठे सुटले.

तर चिमीला सांग, इथल्या आणि आपल्या पाट्या एकाच घरातल्या आहेत. त्रिकोण सावध करतो, लाल वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ हुकूम देतं. उलटा त्रिकोण दिसला की दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं, अष्टकोन दिसला की चाक पूर्ण थांबवायचं. "हळू केली होती की" चालत नाही. इथल्या शाळेजवळच्या पाटीवर एक मुलगी धाकट्याचा हात धरून चाललेली असते. मार्गारेट कॅल्व्हर्ट या बाईंनी ती स्वतःच्या लहानपणच्या फोटोवरून काढली. गुरांच्या पाटीवरची गायसुद्धा खरी, नातलगांच्या शेतावरची, नाव पेशन्स! आपल्याकडे २०२० साली दादर-माहीमच्या रस्त्यावर पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये फ्रॉकवाली बाई आली, आठवतं? तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "बाई हिरवी होऊन चालायला लागते, पण टॅक्सीवाला तिच्याकडे बघतो कुठे!"

हॉर्नच्या बाबतीत मात्र मला आपल्या कायद्याचंच नवल वाटतं. त्यात हॉर्नची दोन चिन्हं आहेत. लाल वर्तुळातला, तिरकी रेघ मारलेला हॉर्न वाजवायचा नाही. निळ्या वर्तुळातला वाजवायचाच. परळ-लालबागने फक्त निळं पाठ केलंय, तेही केईएम हॉस्पिटलच्या दारात. २०२० च्या सुरुवातीला मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी हिंदमातासारख्या काही सिग्नलना आवाज मोजायची यंत्रं बसवून पाहिली होती. कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून! त्याचा व्हिडिओ इथल्या ऑफिसातल्या लोकांनी ह्यांना कौतुकाने दाखवला होता. ही एकच गोष्ट आपण इंग्रजांना शिकवावी अशी. पण इथे मुळातच उभ्या गाडीतून हॉर्न वाजवायला बंदी आहे आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात चालत्या गाडीतूनही नाही.

रस्त्यावरचा रंग ही खरी परीक्षा. पाटी निदान डोळ्यांसमोर असते, रंग चाकाखाली जातो. तुटक पांढरी रेघ बघून ओलांडता येते, सलग असेल तर आपल्याच बाजूला राहायचं. चौकातल्या पिवळ्या जाळीत, पलीकडे गाडीपुरती जागा दिसल्याशिवाय शिरायचं नाही. आणि लालबागच्या भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला झेब्राच्या अलीकडे जी जाड पांढरी रेघ आहे ना, गाडीचं नाक तिच्या अलीकडेच थांबायला हवं. झेब्रा चालणाऱ्यांचा आहे, बाइक लावायला नाही.

गोल चौकांचं तर विचारूच नका. आमच्या गावात १९७२ पासून एक जादूचा चौक आहे, म्हणजे मधल्या मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल, आणि आतल्या गोलात गाड्या उलट्या दिशेने फिरतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा डोळे मिटून त्यांनी रामरक्षा सुरू केली. पलीकडे गेल्यावर म्हणाल्या, "यापेक्षा दादरचं खोदादाद सर्कल बरं. तिथे निदान हवालदार असतो." इथे हवालदार नसतो, आणि कोणी अडकतही नाही. उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं, एवढंच सगळे पाळतात. आपल्या नियमातही आधी सर्कलमध्ये असलेल्याचा हक्क पहिला आहे, पण ते खोदादाद सर्कलला कोणीतरी कळवायला हवं.

तेव्हा दादा, चिमीला पाट्या पाठ करायला लाव. मागचा कितीही हॉर्न मारो, तिने रेघेच्या अलीकडेच थांबावं. आणि तू शेजारी बसून खिडकीतून हात काढून ट्रॅफिक वळवू नकोस.

सर्वांना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझी,
सुमन

ता. क. गाडीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे लाल 'एल' लावावा लागतो आणि शिकणाऱ्याच्या शेजारी चालू लायसनवाला माणूस लागतो. वहिनी म्हणत होत्या, तुझ्या लायसनची मुदत संपलीय. आधी ते रिन्यू कर.