दोनशे छप्पन्न चौकोनांची पत्रिका

चाळीसगावात गेम बनवायला निघालेल्या पोरांचा गेम कसा असेल ते अजून ठरायचंय, पण आधी पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरशी पत्रिका जुळली पाहिजे. असेप्राइट सगळ्यात नावाजलेलं, पण विकतचं. त्याचा सोर्स कोड खुला आहे, स्वतः कंपाइल केलं तर फुकटात पडतं, हे कळलं की पोरगं कंपायलरशी झुंजत बसतं. लिब्रेस्प्राइट, पिक्सेलोरामा फुकट; पिस्केल तर ब्राउझरमध्येच चालतं. फुकट म्हटलं की यांचा विश्वास उडतो. त्यात एखादा दीडशहाणा असतोच: "भाऊ, फोटोशॉपशिवाय काही खरं नाही."

आणि काढायचं काय, तर सोळा बाय सोळाचा एक माणूस. म्हणजे 256 चौकोन. 1981 च्या डाँकी काँग या गेममध्ये मारिओला मिशी आली, कारण तेवढ्याशा जागेत ओठ दिसेनात. केस काढायची कटकट नको म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून अंगात डंगरी. एवढं काढायला लागणाऱ्या लेयर, पॅलेट आणि मागची फ्रेम फिकट दाखवणारी ओनियन स्किन या तीन गोष्टी वरच्या प्रत्येक फुकट्यात आहेत. चालण्याला चार फ्रेम पुरतात.

याच गावात छायाचित्रकार केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता, टेबलावर किरकोळ वस्तू मांडून अख्खं निसर्गदृश्य कॅमेऱ्यात उभं करत. पण त्यांना सॉफ्टवेअरच्या तुलनेचे व्हिडिओ बघायची सोय नव्हती ना!

एकाचं सॉफ्टवेअर अखेर ठरलं म्हणे. आता तो ड्रॉइंग टॅबलेट कोणता घ्यावा ते विचारत फिरतोय.