अतिलघुकथेचे अतिदीर्घ शेपूट

मराठीत आद्याक्षरे जोडून जिला ‘अलक’ म्हणतात, ती अतिलघुकथा पात्र, प्रसंग आणि कलाटणी चार-पाच वाक्यांत उरकते. तिचे सुख असे की ती चहा निवायच्या आत लिहून होते आणि नातेवाइकांना वाचून दाखवताना त्यांना पळायला अवधी मिळत नाही. अडचण येते ती कलाटणीपाशी, कारण शेवटच्या ओळीत वाचकाला दचकवणे हाच एकमेव नियम मानला गेल्याने वृद्धाश्रमातील आई, सीमेवरचा मुलगा आणि आधीच मृत असलेला निवेदक यांच्यावर कामाचा असह्य ताण पडला आहे. ग्वाटेमालाचे लेखक आउगुस्तो मोंतेर्रोसो यांनी १९५९ साली अवघ्या ७ स्पॅनिश शब्दांत डायनोसॉरची कथा संपवली, आणि ती ज्यात आली त्या आपल्या पहिल्याच संग्रहाला ‘समग्र साहित्य (आणि इतर कथा)’ अशा अर्थाचे नाव देऊन लेखकाच्या थोरवीचीही फिरकी घेतली. मराठी अलककाराला हा विनोद परवडत नाही. त्याच्या तीसेक शब्दांच्या कथेखाली पूर्ण नाव, गाव, सर्व हक्क राखीव असल्याची तंबी, नावासह पुढे पाठवण्याची विनंती आणि कथा न कळलेल्यांसाठी कथेहून लांब स्पष्टीकरण असते, व त्यातला एक शब्दही कमी करायला तो तयार नसतो.