उद्घाटनापुरती रेंज

मेळघाटातले हरिसाल २०१६ साली देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. धारणी तालुक्यातले हे गाव. भोवती कोरकू वस्त्या आणि वाघाचे जंगल, आणि एरवी मुंबईच्या वाचकाला मेळघाट आठवतो तो कुपोषणाच्या बातमीतच. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून इथे इंटरनेट आणले. दवाखान्यात टेलिमेडिसीन, शाळेत डिजिटल वर्ग, दुकानात कॅशलेस व्यवहार, असा सगळा थाट ठरला. जाहिरातही झाली. मग एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेची निवडणूक आली. त्या निवडणुकीत राज ठाकरे यांचा एकही उमेदवार उभा नव्हता, त्यामुळे त्यांच्या हाताशी वेळच वेळ होता. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्यांनी हरिसालची दुसरी बाजू पडद्यावर दाखवली आणि जाहिरातीत झळकलेला तरुण भर सभेत मंचावर उभा केला. सत्ताधाऱ्यांनीही मागे न राहता उलट व्हिडिओ दाखवले. दळणवळणाच्या आधुनिक साधनांचा लोकशिक्षणासाठी इतका परिणामकारक वापर त्या वर्षी दुसऱ्या कुणी केला नसेल. मोठा पडदा, समोर हजारो माणसे आणि अभ्यासाचा विषय, गावातले इंटरनेट. गावात रेंज किती, यावर राज्यभर चर्चा झाली. गावात मात्र ही चर्चा रेंज मिळाली तरच ऐकता येणार होती.

वारणानगरची गोष्ट याहून जुनी आणि जास्त मजेची आहे, कारण तिच्यात कुणीच कुणाला फसवले नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकाराचा पसारा, साखर कारखाना, दूध, बझार, सगळे जागच्या जागी. १९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे ‘वायर्ड’ करायचे ठरले. खर्चाच्या दर शंभर रुपयांत पन्नास केंद्राचे, चाळीस राज्याचे आणि दहा वारणेचे. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतकरी येईल, पिकावरच्या रोगाची माहिती घेईल, देशभरचे बाजारभाव बघेल, पोरे जगाशी जोडली जातील, असे प्रकल्पाच्या कागदावर लिहिले होते.

शेतकरी आला. त्याने विचारले, “माझा ऊस किती टन भरला?”

संगणकाला ते ठाऊक होते. मग शेतकऱ्याने खात्यावर खत किती पडले ते विचारले. तेही ठाऊक होते. जगाची चौकशी करायला त्याला सवड नव्हती, तोडणी तोंडावर आली होती. आठेक वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तेव्हा ही केंद्रे मुख्यतः ऊसनोंद, तोडणी, टनेज आणि खताच्या हिशेबापुरतीच चालू होती. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला. कुणाचे काही अडले नाही. म्हणजे ज्या कामासाठी आधी देशाच्या राजधानीत कृतिदल बसवले होते, ते साध्या फोनने निभावले. यात शेतकऱ्याचे काय चुकले? आपल्या उसाचे वजन वेळेवर कळणे ही त्याची निकड होती आणि ती भागली. जगाशी जोडले जाण्याची त्याची तळमळ मात्र दुसऱ्याच कुणी परस्पर टाइप करून ठेवली होती. या संशोधकांपैकी केंटारो टोयामा यांनी पुढे २०१५ साली एक अख्खे पुस्तक लिहून सांगितले की यंत्र नवे काही निर्माण करत नाही, माणसांत आणि संस्थांत आधीपासून जे असते तेच वाढवते. ऊसपट्ट्यात तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कुठल्याही चिटबॉयने हे चहाच्या एका कपात सांगितले असते, पण चिटबॉयला कोण विचारतो?

गंमत अशी की या सगळ्याचे उत्तर महाराष्ट्रातच, आणि संगणक यायच्या कितीतरी आधी, सापडून गेले होते. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. ‘रेडिओ फार्म फोरम’ हे त्याचे नाव, कल्पना कॅनडाकडून उसनी आणलेली. पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावे निवडली. प्रत्येक गावात एक रेडिओ आणि त्याच्यासमोर वीसेक माणसांचे मंडळ. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि माणसांनी बोलायचे. हे फार महत्त्वाचे. गावाला एक अध्यक्ष असायचा (त्याशिवाय आपल्याकडे चार माणसे बसतच नाहीत) आणि एक चिटणीस. कोण काय बोलले, कुठे अडले, हे चिटणीस लिहून पुण्याला पाठवायचा आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरे यायची. सरकारी यंत्राने गावाला उलट उत्तर देण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने या प्रयोगाची पाहणी केली. काम पाहिले व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली. काही ठिकाणी रेडिओही होता आणि मंडळही, काही ठिकाणी नुसताच रेडिओ, आणि काही ठिकाणी दोन्हींचा पत्ता नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. लहरी त्याच, निवेदक तोच. फरक पडला तो संध्याकाळी सतरंजीवर बसून एकमेकांशी वाद घालणाऱ्या वीस माणसांमुळे. कुठे विहीर खोदली गेली, कुठे जातिवंत वळू आला, कुठे बालवाडी निघाली.

इतका स्वच्छ निष्कर्ष हाती आल्यावर सरकार काय करील? १९५९ मध्ये योजना देशभर पसरवली. हजारोंनी मंडळे नोंदली गेली आणि काही वर्षांत विरून गेली. रेडिओ संच मोजता येतो, त्याच्यावर नंबर टाकता येतो, तो साठा नोंदवहीत चढतो. चिटणीस कुठल्या नोंदवहीत चढवायचा? यंत्र एकदा घेतले की खरेदी संपते, माणूस दर महिन्याला पगार मागतो. म्हणून त्यानंतर महाराष्ट्रात जे जे आले, टीव्ही, संगणक, एलईडी, टॅब, ते खोक्यातून आले. सोबत माणूस आला तो फक्त बसवून द्यायला. वॉरंटी संपली की त्याचा फोन लागत नाही.

बालचित्रवाणीचे उदाहरण घ्या. इन्सॅट उपग्रहाच्या काळात, १९८४ साली, शालेय कार्यक्रम तयार करण्यासाठी पुण्यात ही संस्था उभी राहिली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली, आणि त्या पिढीतल्या कुणालाही बालचित्रवाणीचे नाव काढताच तिची धून गुणगुणता येते. पुढे निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले, आणि २०१७ मध्ये राज्याने संस्थेला टाळे लावले. टीव्हीवरून मुलांना शिकवण्याचा जमाना गेला, आता डिजिटल, असे तेव्हा सर्वांचेच मत होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि वाड्यावस्त्यांवर लक्षात आले की घरात फोन एक, पोरे तीन, आणि तो फोन दिवसभर बापाच्या खिशात. मग सर्वांना एकदम टीव्ही आठवला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केली होती. मालिका चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. पण तीनच वर्षांपूर्वी ज्या राज्याने नेमक्या याच कामाची स्वतःची संस्था मोडीत काढली, त्याची वेळ साधण्याची हातोटी वाखाणायलाच हवी. छत्री विकली आणि पाऊस आला म्हणतात ते हेच.

त्याच काळात पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनच्या ‘बोलकी शाळे’त शिक्षण चालू होते लाउडस्पीकरवर. धडा ध्वनिमुद्रित करायचा, कर्णा झाडाखाली ठेवायचा, भोवती अंतर राखून मुले बसवायची. सोलापूरच्या नीलमनगरात कामगारांच्या वस्तीतल्या भिंतींवर शिक्षकांनी अभ्यासक्रमच रंगवून घेतला, म्हणजे येताजाता मुले वाचतील. भिंत हँग होत नाही, तिला रिचार्ज लागत नाही. तिला ‘इनोव्हेशन’ म्हणायला मात्र दूरच्या पत्रकारांना तिथवर यावे लागले.

सामुदायिक रेडिओचाही उल्लेख करायला हवा. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना स्वतःचे केंद्र चालवायची मुभा दिली आणि साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ सुरू झाला. तिथे ओव्या, बचत गटाचा हिशेब, शेळीची आजारपणे, सगळे माणदेशी बोलीत चालते. फक्त एक पथ्य आहे. स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य. नळाला पाणी किती वाजता येणार हे सांगायला हरकत नाही, पण ते गेले चार दिवस का आले नाही यावर श्रोत्यांची चर्चा घडवली तर ती चालू घडामोड ठरण्याची भीती. पाणी चालू नसले तरी घडामोड चालू असते.

गावच्या चर्चेची ही पोकळी अर्थातच व्हॉट्सअॅपने भरली आहे. आज ग्रुप नाही असे गाव शोधून सापडणार नाही. सकाळी सहापासून गुलाबाची फुले, नऊला वाढदिवस, अकराला कुठल्याशा मुळीने साखर मुळापासून घालवण्याचा उपाय आणि रात्री दोन गटांची एकमेकांना रिमूव्ह करण्याची स्पर्धा. ग्रामसभेची नोटीसही याच फुलांखाली दबलेली असते. ग्रुपवर चारशे जण असतात आणि ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये यावर उपाय काढला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले पुस्तके काढतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला भोंगा वाजला तरी पडदे उजळलेलेच राहायचे, तेव्हा ग्रामपंचायतीची माणसे, अंगणवाडीच्या ताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्यांच्यासाठी कुठलेही अॅप तयार करावे लागले नाही. बीबीसीपासून सगळ्यांनी या गावाची दखल घेतली. दळणवळणाच्या साधनांची इतकी वर्षे पेरणी करून जे पीक आले, त्यातले सर्वांत नावाजलेले साधन हे साधने बंद करायला सांगणारे निघाले.

मुद्दा यंत्र वाईट असल्याचा नाही. १९५६ चा रेडिओही यंत्रच होता आणि वडगावचा भोंगाही यंत्रच आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत (गणपूर्ती झालीच तर) टॅब, स्मार्ट टीव्ही किंवा एआयचा एखादा संच मंजुरीला येईल. किंमत, कंपनी, वॉरंटी यांची चौकशी इतर लोक करतीलच. तुम्ही उठून फक्त एवढे विचारा, “संध्याकाळी याच्यासमोर बसणारी वीस माणसे कोण, त्यांचा चिटणीस कोण, आणि त्याच्या मानधनाची तरतूद कुठल्या हेडखाली केली आहे?” आणि उत्तर ठरावात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.