इमानवाला

इमानवाला म्हणजे लढाऊ विमानांच्या इतिहासावरची जुनी पुस्तके विकत घेणारा गृहस्थ. यातील इमानाचा प्रामाणिकपणाशी संबंध नाही. वऱ्हाडी बोलीत विमानाचे इमान होते. पुस्तकाची खरी किंमत घरी सांगायची वेळ आली की हा फरक फारच स्पष्ट होतो.

बार्शीटाकळीत असा माणूस का निपजावा, याचे समाधानकारक कारण सापडत नाही. गाव ओळखले जाते ते कालिकामातेच्या हेमाडपंती देवळासाठी. जवळचा विमानतळ अकोल्यानजीक शिवणीला. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पण नियमित प्रवासी विमान तिथे उतरत नाही. इमानवाला बहुधा निवृत्त शिक्षक किंवा पोस्टातला माणूस असतो, त्याची पाच-सात एकर कोरडवाहू शेती असते, आणि तो विमानात एकदाही बसलेला नसतो. त्याची त्याला खंतही नसते. प्रवासी विमान त्याच्या लेखी उडती एसटी.

त्याचा खरा जीव नॅटवर. हे चिमुकले ब्रिटिश बनावटीचे लढाऊ विमान पुढे बंगळुरूला तयार होऊ लागले आणि १९६५ च्या युद्धात त्याने पाकिस्तानची सेबर विमाने पाडली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सेबर चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों याच नॅटमधून त्यांना भिडले. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे. एवढे सांगताना इमानवाल्याचा आवाज जड होतो. मग तो लगेच मोजमापांकडे वळतो. पंखांचा विस्तार पावणेसात मीटर, लांबी पावणेनऊ. आपले अंगण त्याने पावलांनी मोजून ठेवलेले असते. तुळशीवृंदावन थोडे सरकवले तर नॅट तिरपे बसते, हा निष्कर्ष पाहुण्यांना चहाच्या आधी मिळतो. मिग-२१ मात्र बसत नाही. आपल्याच नाशिकजवळ ओझरला ते बनत होते खरे, पण नाक शेजाऱ्याच्या गोठ्यात जाते. हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निवृत्त झाले, आणि त्या दिवसापासून विक्रेत्यांनी मिगवरच्या पुस्तकांचे भाव उगाच चढवले अशी त्याची तक्रार आहे.

खरेदीचा हंगाम कापूस विकल्यावर सुरू होतो आणि संक्रांतीच्या आसपास पैशांसोबत संपतो. पहिले ठिकाण अकोल्यातला रद्दीवाला. रद्दीवाला पुस्तकाची किंमत वजनावर आणि चित्रांवर ठरवतो; इमानवाल्याला हवी असतात शेवटची परिशिष्टे, ज्यांत कोणत्या स्क्वाड्रनकडे कोणत्या क्रमांकाचे विमान होते याचे तक्ते असतात. अशा तक्त्यांना रद्दीच्या बाजारात भाव नाही, ही त्याची एकमेव जमेची बाजू. तिचा फायदा घ्यायचा तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नसते. म्हणून तो वेड पांघरून पेडगावला जातो: आधी पाककलेचे पुस्तक चाळतो, नीटचे गाइड उलटेपालटे करतो आणि हवे ते पुस्तक सर्वांत शेवटी, जणू पायात आल्यासारखे उचलतो.

या पद्धतीत एक धोका असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरचे, मध्ये आठ रंगीत पाने असलेले जाडजूड पुस्तक हाती आले की रद्दीवाला विचारतो, "हे कायले पायजे जी?" इमानवाला ठरलेले उत्तर देतो, "काई नाई, पोट्ट्याले शाळेत चित्रं चिकटवाची हायेत." रद्दीवाला मुळात भला माणूस असतो. "मंग एवढं वझं कायले नेता?" म्हणत तो आठही पाने टर्रकन फाडून हातात ठेवतो आणि पैसे नको म्हणतो. उरलेले पुस्तक इमानवाला पूर्ण भावाने विकत घेतो. का घेतो, हे रद्दीवाल्याला कळत नाही. पाने घरी खळीने चिकटवली जातात आणि त्यातले एक हमखास उलटे लागते.

दुसरे ठिकाण हैदराबाद. बार्शीटाकळीवरून जाणारा अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग पुढे नांदेडमार्गे काचिगुड्याला पोचतो, आणि रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. सिकंदराबादला छावणी, दुंडिगलला हवाई दलाची अकादमी. तेव्हा कोणाची बदली झाली, कोणी निवृत्त झाले, की कपाटे फुटपाथवर यायचीच, असा त्याचा हिशेब. घरी कारण गुडघ्याच्या डॉक्टरचे. कधी एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्या १९८६ मध्ये निघालेल्या आठवणी मिळतात, कधी मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने काढलेले विमानरचनाकार याकोव्हलेव यांचे आत्मचरित्र. गुडघा दरवर्षी तसाच राहतो.

टपालाचा मार्ग आता अवघड झाला आहे. २०१९ पासून परदेशी पुस्तकांवर पाच टक्के आयात शुल्क बसले. ते त्याने सोसले. पण छापील पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणी टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते.

पुस्तक घरात नेण्यापूर्वी अकोल्याच्या स्टँडवर एक विधी उरकतो. आतल्या पानावर विक्रेत्याने पेन्सिलीने टाकलेला आकडा खोडरबराने पुसायचा. घरात प्रश्न एकच असतो, "हे बी इमानाचंच काय जी?" आणि उत्तरही ठरलेले, "साठ रुपये फक्त."

वाचन परिशिष्टापासून सुरू होते. मधली हकिकत तो सहसा वाचत नाही. युद्ध कोण जिंकले हे त्याला आधीच माहीत असते. मग पेन्सिल घेऊन छायाचित्रांखालच्या ओळी तपासतो. हंटरला मिस्टेअर म्हटलेले सापडले की दिवस सार्थकी लागतो. लेखकाला पत्र लिहिले जाते, पण ते टाकले जात नाही, कारण अनेकदा लेखक हयात नसतो. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत चार वापिटी विमानांवर उभी राहिली. एका पुस्तकात वापिटीच्या चित्राला चाके पुढेमागे दाखवली आहेत, हे दुःख त्याला दोन वर्षे पुरले.

पुस्तकांचा मुक्काम आतल्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारच्या लोखंडी पेटीत. कसर लागू नये म्हणून गव्हातला कडुनिंबाचा पाला पुस्तकांतही घातला जातो. पेटी भरली की नवी पुस्तके तुरीच्या पोत्यांवर येतात, आणि श्रावणात पत्रा नेमका तिथेच गळतो. इमानवाला तेव्हा गाढ झोपलेला असतो. पाण्याचा आवाज बायकोला येतो. ती उठते, पोती तशीच राहू देते आणि पुस्तके उचलून कोरड्या कोनाड्यात नेते. "तुरीचं काय, उन्हात टाकली का वाळते," असे ती सकाळी म्हणते, "हे कागद कायले वाळतात बाप्पा."

रात्री विजेच्या उजेडात मात्र एका पुस्तकाचे पहिले पान उघडलेले असते. खोडरबर त्या वेळी हाताशी नसावे. पानावर साडेअकराशेचा आकडा ठसठशीत दिसतो. ती काही बोलत नाही, पुस्तकही कोरड्याच जागी राहते. त्या वर्षीच्या कापसाचे पैसे तेवढे तिच्या खात्यात जमा होतात.